जाड वातीची जोत

खरं सांगते, देवीवर माझा राग होता. लहानसहान नाही, चांगला घसघशीत राग. नववी नोकरी सोडून घरी आले त्या दिवशी देवघरासमोर उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, "तुले दिसत नाही का वं? का माझ्यापुरतीच आंधळी झालीस?" आई स्वयंपाकघरातून धावत आली. माझ्या तोंडावर हात ठेवायला आली होती, पण तिचा उजवा हात आदल्याच आठवड्यात घसरून पडल्यामुळे प्लास्टरमध्ये होता, म्हणून नुसतीच उभी राहिली. आज हे लिहिताना मला हसू येतं. जिला मी आंधळी म्हटलं, तिनं माझ्यासाठी वाट काढली ती नेमकी त्या प्लास्टरमधूनच. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगून टाकते, गोष्ट चांगली संपते. मला काम मिळालं. रोज तीन तासांचं. आणि आठ महिने झाले, ते टिकलं आहे! "टिकलं आहे" हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले.

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मराठीत व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. ऐकायला एखाद्या सरकारी फॉर्मवरचा रकाना वाटतो, पण त्यात राहणं तसं नाही. दुसऱ्याला जिथे चिमटा बसतो तिथे माझं कातडं सोललं जातं. सकाळी जी बाई मला साक्षात देवता वाटते, तिनं दुपारी माझा एक फोन उचलला नाही की ती माझी वैरीण होते, आणि मधली पायरीच मला सापडत नाही. सगळ्यात वाईट भीती म्हणजे लोक आपल्याला टाकून जातील ही. म्हणून मी त्यांच्या आधीच उठून जाते. शाळेच्या ऑफिसातून गेले, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात हजेरी लिहायला होते तिथून गेले, दातांच्या दवाखान्यात समोर बसून नावं पुकारायचे तिथूनही गेले. शेवट सगळीकडे सारखाच. कुणीतरी एखादा शब्द बोलायचं, माझे कान तापायचे, आणि मी खांद्याला पिशवी लावून रस्त्यावर. परत कधी पाऊल टाकलं नाही, राहिलेला जेवणाचा डबा आणायलासुद्धा नाही. आमच्या घरचे सहा डबे रायपुरातल्या सहा टेबलांवर पडून राहिले. आई बिचारी शेवटी मला प्लास्टिकचा डबा द्यायला लागली. स्टीलचा द्यायची तिची हिंमत होत नव्हती.

समता कॉलोनीतल्या ज्या डॉक्टर मॅडमकडे माझे उपचार चालू आहेत, त्या म्हणाल्या होत्या, "पूरा दिन मत करो. तीन घंटे. लोग कम, काम एक. और उठना हो तो उठो, पर बताकर उठो कि कब लौटोगी." मी मनात म्हटलं, वा! अशी नोकरी काय झाडाला लागते? तरी तीन आठवडे शोधली. पार्ट-टाइम म्हणून जाहिरात द्यायची आणि सकाळी दहा ते सहा बसवायचं, ही इथली रीत. कुणाला तीन तास म्हटलं की ते आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या लांब बाह्यांकडे. मी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या घालते. हातावर जुन्या दिवसांच्या खुणा आहेत, कुणी विचारू नये म्हणून. माझा धाकटा भाऊ मराठी समजतो पण उत्तर हिंदीत देतो. तो म्हणायचा, "दीदी, तू घर पे ही रह ना, क्या कमी है?" प्रेमानंच म्हणायचा. पण एकतिसाव्या वर्षी घरी बसायला सांगणारं प्रेम फार जड होतं. हे जमलं नाही तर यापुढे मी कुणाच्या काही कामाची नाही, असं माझं मन पक्कं करत आणलं होतं मी.

आणि मग चैत्र आला. आमच्याकडे, म्हणजे छत्तीसगढमध्ये, नवरात्रात देवीच्या देवळात लोक मनोकामना जोत लावतात. मातीचा कलश, त्यावर तेलाचा दिवा, खाली नावाची चिठ्ठी आणि नंबर. नऊ दिवस, नऊ रात्री ती जोत तेवत राहिली पाहिजे. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, देवळात अशा तीनशेच्या वर जोती असतात, एका वेगळ्या खोलीत रांगेनं मांडलेल्या. लावणारा भक्त आत येत नाही. सांभाळणारे पाळीपाळीनं आत बसतात, काजळी काढतात, वात पुढे सरकवतात, तेल घालतात. या जोतींच्या वाती गेली वीसेक वर्षं आमच्या घरून जातात. आई वळते. आम्ही कितीही पिढ्या इकडे राहिलो तरी वाती वळायच्या तर आपल्या हातानं, हा तिचा मराठी हट्ट. यंदा तिचा हात गळ्यात बांधलेला, तेव्हा म्हणाली, "पोट्टी, यावेळी तूच वळ. रिकामी बसून काहून स्वतःले खाऊन राहिली?"

मी वळल्या. आणि कशा वळल्या म्हणता! माझं कुठलंच काम मधलं नसतं, एकतर शून्य नाहीतर शंभर. मला वाटलं, देवीला शिव्या घातल्या आहेत, तर आता वात तरी दणदणीत करू. चांगल्या करंगळीएवढ्या जाड वळल्या. चाळीस वाती झाल्यावर आईनं बघितलं आणि म्हणाली, "अवं, या वाती आहेत का दोरखंड?" तोवर कापूस अर्धा संपला होता. पुढच्या बारीक वळल्या, पण त्या चाळीसही गठ्ठ्यात तशाच बांधल्या. भक्तीनं केलेलं काढून कसं टाकायचं?

गठ्ठा पोचवायला देवळात गेले तर तिथे जोतीचं सगळं बघणारे कका डोक्याला हात लावून बसलेले. कका सत्तरीचे, मूळ खेड्यातले, बोलतात छत्तीसगढीत, आणि तेही मोजकंच. सकाळच्या पाळीला माणसं होती, संध्याकाळच्या पाळीला तर भांडणं होती, पण दुपारी एक ते चार कोणी यायला तयार नव्हतं. चैत्राचं ऊन, त्यात तीनशे दिव्यांची बंद खोली. कसं येईल कोणी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंझनिया के पाली मा बइठबे का नोनी? तीन घंटा." दुपारच्या पाळीला बसशील का पोरी, तीन तास! मी तिथेच हसायला लागले. तीन तास, माणसं कमी, काम एक. डॉक्टर मॅडमचं आणि देवीचं आपसात बोलणं झालं की काय! "हव, बसते," मी म्हटलं. घरी येईपर्यंत मी जवळजवळ पळतच होते.

पहिल्याच दिवशी ककांनी माझ्या बाह्यांकडे बोट केलं. आत मोकळी बाही चालत नाही, जोतीला लागते. कोपरापर्यंत दुमडायची. मी दारातच थांबले. इथूनच परत जावं असं वाटलं. मग दुमडल्या. ककांनी माझे हात पाहिले, सगळं पाहिलं, आणि तेलाची किटली माझ्या त्याच हातात दिली. तेवढ्यावर मी त्यांना मनात देव करून टाकलं. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, सावकाश घे.

पण ते पहिले चार दिवस! कसं सांगू? आत कुणी बोलत नाही. घाम पाठीवरून वाहतो, डोळे चुरचुरतात, आणि तुम्ही एका जोतीपासून दुसरीकडे जाता. या जोतीला तेल, त्या जोतीची काजळी, हिची वात चिमट्यानं जराशी पुढे. प्रत्येकीखाली कुणाची तरी चिठ्ठी, कुणाचं तरी मागणं. माझं डोकं, जे कधी म्हणजे कधी गप्प बसत नाही, ते तीन तास गप्प बसलं! चार वाजता बाहेर आले की देवळाच्या नळावर तोंड धुताना मला ओरडावंसं वाटायचं, अहो, मी केलं! मी पूर्ण केलं! घरी जाऊन आईला रोज तेच ते सांगायचे आणि ती रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची. माझा फराळाचा डबाही रोज परत येत होता. तिसऱ्या दिवशी तिनं स्टीलचा डबा दिला.

पाचव्या दिवशी माशी शिंकली. कका मागच्या भिंतीजवळच्या रांगा बघत होते. त्या रांगांमधल्या जोती फार उंच जळत होत्या आणि तेल लवकर खाली जात होतं. त्यांनी एका दिव्यातली वात चिमट्यानं उचलून धरली आणि म्हणाले, "ए बाती ला कोन बनाए हे? जम्मो तेल ला पी डारिस." कुणी केली ही वात, सगळं तेल पिऊन टाकलं. आणि हसले. दुसरं काही नाही. म्हातारा माणूस हसला इतकंच. पण माझ्या कानात ते हसणं वेगळंच गेलं. यांना कळलं, हिला काही येत नाही. आता सगळ्या देवळाला सांगणार. आईच्या वीस वर्षांच्या वातींना हिनं बट्टा लावला. कान तापले. मी किटली खाली आपटली, थोडं तेल सांडलंसुद्धा, आणि ओरडले, "नसतील पटत तर नका लावू! तुमचं तुम्हीच सांभाळा!" जिथे कुणी कुजबुजतही नाही तिथे ओरडले. आणि निघाले. कधी परत येईन ते सांगितलं नाही, कारण यायचंच नव्हतं. दहावी जागा. डबा आतच राहिला.

देवळाच्या पायऱ्या उतरले, ऊन डोळ्यांवर आलं आणि मग तो नेहमीचा खड्डा. राग ओसरतो आणि खाली काहीच नसतं. आईला काय तोंड दाखवू? मी शेवटच्या पायरीशी पाऊण तास तशीच उभी होते, तेवढ्यात बाजूला कडुनिंबाच्या सावलीत बसलेली एक म्हातारी उठली. अंगावर विटकं लुगडं, पायात चपला नाहीत. माझ्या अंगावरचे तेलाचे डाग बघून मला आतली समजली असणार. म्हणाली, "नोनी, मोर जोत ला देख के बता देबे? बरत हे के नइ?" बीरगांवहून चालत आले आहे म्हणाली, नंबर दोनशे चार. आत सोडत नाहीत. एवढंच बघून सांग, माझी जोत जळते आहे की नाही. मी म्हणणार होते, मी आता तिथली नाही. खरंच तोंडाशी आलं होतं. पण तिच्या तळपायांकडे नजर गेली, आणि वाटलं, बघून सांगायला काय जातं? सांगते आणि जाते.

आत गेले. कका दारापाशीच्या रांगेत वाकले होते, एकटे. त्यांनी मान वर केली नाही. मी नंबर बघत मागे गेले. दोनशे चार मागच्या भिंतीशी होती, माझ्याच जाड वातींपैकी एक. दिव्यात तेल राहिलंच नव्हतं. वात कोरडी होऊन तिच्या टोकाला निळसर ठिपका राहिला होता, आता गेला की मग गेला. किटली मी आपटली तिथेच होती. उचलली, धार सोडली, वात जरा पुढे घेतली. ज्योत एकदा फडफडली आणि उभी राहिली. मी श्वास सोडला तर शेजारची दोनशे पाच तशीच! मग दोनशे सात. सगळ्या माझ्या वाती, सगळ्या तहानेल्या, आणि मी बाहेर रुसून उभी! त्यानंतर मी काही विचार केला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळत होते, किटली भरत होते, परत पळत होते, आणि रडत होते आणि बहुतेक हसतही होते. एकही विझली नाही. एकही नाही!

कका केव्हातरी माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायलाच हवं. ते म्हणाले, "आ गेस? ओ कोती तेल सिरावत हे." आलीस? त्या बाजूला तेल संपत आलंय. बस, एवढंच. जणू मी नळावर पाणी प्यायला गेले होते. आयुष्यात मी पहिल्यांदा सोडलेल्या जागी परत आले होते, आणि तिथे माझी जागा तशीच होती. डबाही होता, कुणीतरी उचलून कोपऱ्यात थंड जागी ठेवलेला. चार वाजता निघताना मी ककांची माफी मागितली, किटलीची, ओरडल्याची, वातींचीही. त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, "मोटा बाती खराब नइ होवय नोनी. ओला घेरी-बेरी देखे बर परथे." जाड वात वाईट नसते पोरी. तिच्याकडे घडीघडी बघावं लागतं.

मी पायऱ्या उतरून धावत कडुनिंबाशी गेले. म्हातारी नव्हती. तिला सांगायचं राहिलं की तुझी जोत जळते आहे. नवमीला बायका डोक्यावर कलश घेऊन विसर्जनाला तलावाकडे निघाल्या तेव्हा दोनशे चारचे लोक आले होते. मी त्यांच्या सुनेला आजींबद्दल विचारलं. ती म्हणाली, घरात कोणी म्हातारं माणूस नाही, शेजारपाजारची असेल कोणी. असेलही. मी पुढे विचारलं नाही. मला जे सांगायला ती आली होती ते मला पोचलं होतं.

त्याच नवमीला देवळाला तेल पुरवणारी पूजासाहित्याच्या दुकानाची दीदी आली. रिकामे डबे न्यायला. तिचं दुकान समता कॉलोनीकडे. दुपारी ती जेवायला घरी जाते, तेवढे तीन तास दुकानात कोणी टिकत नाही म्हणून रडगाणं गात होती. ककांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं, "ए नोनी मंझनिया मा बइठथे." ही पोरगी दुपारी बसते. दीदीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. पहले कहाँ काम किया, छोड़ा क्यों? इथे मी दर वेळी खोटं बोलायचे, घरची अडचण म्हणायचे. त्या दिवशी माझ्या दुमडलेल्या बाह्यांसकट उभी राहून मी म्हटलं, "छोड़ा नहीं दीदी, भाग आई. नौ जगह से. बीमारी है मन की, इलाज चल रहा है. गुस्से में उठ जाती हूँ. पर अब लौटना आ गया है." म्हटलं आणि छाती अशी धडधडत होती की ढोलांचा आवाज ऐकू येईना. दीदीनं विचारलं, "लौटने में कितना टाइम लगता है?" मी खरं ते सांगितलं, या वेळी पाऊण तास लागला. ती मोठ्यानं हसली. "मेरे आदमी को तीन दिन लगते हैं. कल से आ जा."

तेव्हापासून मी तिथे आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी वाती वळते, कापराच्या पुड्या बांधते, आलंच कुणी तर बोलते. सगळं गोडगोड आहे असं नाही हं. एकदा धूप चुकीच्या खोक्यात भरला म्हणून दीदी रागावली आणि मी तिला नको नको ते बोलले. दोनदा उठून गेले. पण दोन्ही वेळा दारातून ओरडून गेले, "दीदी, पंद्रह मिनट!" पहिल्या वेळी वीस मिनिटं लागली, दुसऱ्या वेळी अकरा. डॉक्टर मॅडमना सांगितलं तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या. गोळ्या चालू आहेत, मॅडमकडे जाणं चालू आहे, कान अजूनही तापतात.

मला वाटायचं, शरण जायचं म्हणजे आधी आपण शांत व्हायचं, बारीक, नीट, एकसारखं व्हायचं, आणि मग देवीपुढे जायचं. म्हणून तर कधी जाताच आलं नाही. तिनं मला होते तशीच आत बोलावलं, भर उन्हात, एका म्हातारीच्या तोंडून, आणि वर किटलीही माझ्याच हातात ठेवली. देवीआई, तुला मी आंधळी म्हटलं ना? चुकले गं. तुला तर दोनशे चार नंबरची कोरडी वातसुद्धा दिसत होती.

आमच्या घरी आता रोज संध्याकाळी एकच गोष्ट घडते. मी चपला काढते, आई प्लास्टरमधून सुटलेला हात पुढे करते, आणि मी तिच्या हातात डबा देते. ती झाकण उघडून बघते, रिकामा आहे ना याची खात्री करते, आणि घासायला घेऊन जाते. आज सकाळी तिनं मला दोन पुडांचा नवा स्टीलचा डबा भरून दिला. झाकणावर माझं नाव कोरून घेतलंय.